तंबू, चाकांचं घर आणि मधली टिटवी

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी जंगलातच राहत होते. तिथेच जन्मायचे, तिथेच खायचे आणि तिथेच एकमेकांना खायचे. तरीही एक दिवस त्यांना वाटायला लागलं, की आपण निसर्गापासून फार दूर गेलो आहोत.

असं वाटायला कारण झाला राजा. राजा म्हणजे सिंह. तो शेजारच्या राज्यात पाहुणा म्हणून जाऊन आला. तिथे त्याने पाहिलं, की प्राणी आपलं चांगलं घर सोडून तळ्याकाठी जातात, तंबू ठोकतात, चार दिवस अंग खाजवत पडून राहतात आणि परत आल्यावर काय मजा आली म्हणून सगळ्यांना सांगत सुटतात. राजाला फार वाईट वाटलं. आपल्या प्रजेने आजवर कधी मुद्दाम अंग खाजवलं नव्हतं.

जंगलाच्या मधोमध एक मोठं तळं होतं. त्याच्या काठाला राजाने ‘राज्य सरोवर उद्यान’ असं नाव दिलं. काठ तोच, पाणी तेच. पण नाव दिल्याबरोबर तिथे कुंपण आलं, फाटक आलं आणि फाटकापाशी साळिंदरसाहेब आले.

साळिंदरसाहेबांना ही नोकरी मिळाली, कारण त्यांच्या अंगावर लेखण्याच लेखण्या होत्या. एक मोडली की पाठीवरून दुसरी उपटायची. असा अधिकारी राजाला दुसरा कुठे मिळणार?

साहेबांनी काठावर वीस जागा आखल्या. प्रत्येक जागेला नंबर, प्रत्येक नंबरात एक कुटुंब. तंबू असेल तर तंबू ठोका, चाकांचं घर असेल तर ते उभं करा. मुक्काम जास्तीत जास्त चौदा दिवस. मोकळ्या हवेत राहायचं म्हटल्यावर नियम नकोत का?

आता सात नंबरच्या जागेत काय होतं ते सांगतो. बरोबर मधोमध चार अंडी होती.

ती टिटवीची होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीत खळगा करते, भोवती चार खडे मांडते आणि अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच असतात. मातकट, काळ्या ठिपक्यांची. शेजारून गेलं तरी दिसत नाहीत. तिची आई, आजी, पणजी, सगळ्याजणी याच काठावर अंडी घालत आल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही आपला नंबर सात आहे हे माहीत नव्हतं.

अंडी घालून चारच दिवस झाले होते. सकाळी टिटवी पाहते तर शेजारी पाटी.

ती तडक फाटकावर गेली.

“साहेब, माझ्या अंड्यांपाशी तुमची पाटी ठोकलीय.”

“अंड्यांपाशी नाही, जागेपाशी,” साहेब म्हणाले. “तुमचं आरक्षण आहे?”

“मी तिथेच राहते.”

साहेबांनी वही उघडली. वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा खालून वर नेलं. “‘तिथेच राहते’ असा रकाना नाही हो. तंबू आहे, चाकांचं घर आहे. तुमचं काय?”

“खळगा.”

“त्याला चाकं?”

“खळग्याला चाकं कशी असतील साहेब?”

“मग उद्यानात राहता येणार नाही. उद्यान हे बाहेरून येऊन राहणाऱ्यांसाठी आहे.”

“पण अजून चोवीस दिवस तरी पाहिजेत. अंडी काही उचलून नेता येत नाहीत.”

“चोवीस?” साहेबांनी मान हलवली. “नियम चौदाचा आहे. जरा लवकर उरकता आलं तर बघा ना.”

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणून तिला सांगितलं, की सात नंबर आज दुपारपासून भालेरावांना दिलेला आहे, तेव्हा काय करायचं ते त्याच्या आत करा.

“कोण भालेराव?”

“भालेराव अस्वल.”

न्याहारीला भालेरावांना अंडी लागतात, हे सगळ्या जंगलाला माहीत होतं.

भालेराव अस्वलांची गुहा टेकडीवर होती. तळ्यापासून चालत अर्धा तास. गुहा ऐसपैस, थंडगार. पण आपल्याला निसर्गाची ओढ आहे हे लोकांना दिसावं कसं? म्हणून भालेरावांनी चाकांचं घर करून घेतलं. त्यात गादी होती. मधाच्या बरण्यांची फळी होती. पंखा होता आणि तो फिरवायला एका पेटीत चाळीस भुंगे कोंडले होते, ते दिवसभर घूं-घूं करायचे. आतल्या भिंतींवर जंगल रंगवून घेतलं होतं, म्हणजे खिडकी लावून घेतली तरी झाडं दिसावीत. हे सगळं दोन रानरेडे ओढत होते. अर्ध्या तासाची वाट, त्यांना दीड दिवस लागला.

घर सात नंबरपाशी आलं, तर तिथे आधीच कोणीतरी काठ्या पसरून बसलं होतं.

ते ससाणे गुरुजी. म्हणजे ससा. गुरुजींचं बीळ एकोणीस खोल्यांचं होतं, पण मनाने ते कट्टर तंबूवाले. त्यांचा तंबू पळसाच्या पानांचा, बारा काठ्यांवर उभा राहणारा. कसा उभारायचा हे सांगणारा कागदही सोबत होता, पण तो शेजारच्या राज्याच्या भाषेत होता. गुरुजींनी सकाळपासून तंबू तीनदा उभा केला होता आणि तो चारदा पडला होता.

भालेरावांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. “ओ गुरुजी, उचला तो पाला. ही जागा माझी आहे.”

“हा पाला नाही, तंबू आहे. आणि जागा माझी आहे. ही बघा चिठ्ठी.”

“चिठ्ठी माझ्याकडेही आहे.”

दोन्ही चिठ्ठ्या खऱ्या होत्या. दोन्हींवर साहेबांची सही होती. साहेबांची एक लेखणी काय लिहून बसली आहे, ते दुसरीला कळत नसे.

“भालेराव,” गुरुजी म्हणाले, “गादीवर लोळायचं होतं तर गुहेतच लोळायचं. इथे कशाला आलात? निसर्ग अंगाला लागला पाहिजे!”

“तुमच्या अंगाला लागलाय तो चिखल आहे, गुरुजी.”

“चिखलच! अभिमान आहे मला!”

“मग तो घेऊन बाजूला व्हा. ओढा रे रेड्यांनो!”

रेड्यांनी मान खाली घातली. चाकं करकरली. डाव्या बाजूचं चाक सरळ खळग्याच्या रोखाने निघालं.

टिटवी गवतातून बघत होती. इथे माझी अंडी आहेत असं भालेरावांना सांगायची सोय नव्हती. गुरुजींना सांगावं, तर गुरुजींना एखादी गोष्ट कळली की ते ती दहा जणांना शिकवत. मग तिने तेच केलं, जे टिटव्या करत आल्या आहेत. ती चाकापुढे धाडकन पडली. एक पंख मोडल्यासारखा लोंबता ठेवला आणि “टिटिव-टिव! टिटिव-टिव!” असा टाहो फोडत, लंगडत, फरफटत पाण्याच्या दिशेने निघाली. वरती तिचा नवरा गोल फिरत दुप्पट ओरडू लागला.

रेडे थांबले. भालेराव खिडकीतून अर्धे बाहेर आले. गुरुजी हातातली काठी विसरले. सगळे तिच्या मागोमाग चाळीस पावलं गेले. पाण्याच्या कडेला पोचल्यावर टिटवी टुणकन उडाली.

आणि टाळ्या.

“वा! काय लंगडली!” भालेराव म्हणाले. “पुन्हा एकदा!”

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून साळिंदरसाहेब आले होते. त्यांनीही ते पाहिलं आणि पाठीवरची एक लेखणी उपटली.

“बाई, हे रोज असतं का?”

“गरज पडली तर,” टिटवी धापा टाकत म्हणाली.

“मग रोज पाच वाजता पडू दे गरज. पाहुण्यांना संध्याकाळी काही कार्यक्रम नाही म्हणून राजेसाहेब काळजीतच होते. आणि असं बघा, ‘तिथेच राहते’ असा रकाना नाही, पण ‘कलाकार’ असा आहे. कार्यक्रम चालू आहे तोवर कलाकाराला जागेवर राहता येतं. सामान काय?”

टिटवी म्हणाली, “चार नग.”

“नाजूक?”

“फार.”

“आणि ते वर फिरतायत ते?”

“माझे मालक.”

“काय करतात?”

“ओरडतात.”

“पार्श्वसंगीत,” साहेबांनी लिहून घेतलं.

राहिला सात नंबरचा वाद. चूक झाली असं साहेब म्हणू शकत नव्हते, कारण चुकीचाही रकाना नव्हता. त्यांनी जागेच्या बरोबर मधून एक रेघ ओढली. अलीकडे भालेराव, पलीकडे गुरुजी. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जमीन मोकळी ठेवायची, तिथे कोणीही पाय टाकायचा नाही. खळगा नेमका त्या मोकळ्या पट्टीत आला.

टिटवीला खरंच वाटेना.

पुढचे नऊ दिवस तिला इतकं सुख होतं, की तिच्या आईलाही कधी लाभलं नसेल. भालेराव खिडकीत बसून गुरुजींचा एखादा केस तरी पट्टीत येतो का, हे बघायचे. गुरुजी तंबूत बसून भालेरावांच्या घराची सावली पट्टीत येते का, हे बघायचे. अशा दोन पहारेकऱ्यांमधून साप येईल का मुंगूस येईल? टिटवी त्यांच्या मधोमध अंड्यांवर बसून राही. ती तिथे का बसते, हे कोणी विचारलं नाही. कलाकार कुठेही बसतात.

पाच वाजले की ती उठायची आणि जखमी व्हायची. बाकीच्या जागांवरचे प्राणीही बघायला येऊ लागले. भालेराव म्हणायचे, थोडं रडणं वाढवा. गुरुजी एक दिवस तिला बाजूला घेऊन म्हणाले, “काल डावा पंख मोडला होता, आज उजवा. असं चालत नाही. सातत्य ठेवा.”

दहाव्या दिवशी दुपारी वावटळ आली.

तिने गुरुजींचा तंबू बाराही काठ्यांसकट उचलला आणि तळ्याच्या मध्यभागी नेऊन ठेवला. गुरुजी उघड्यावर कान मिटून बसले. डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ, मिशांवर पळसाचं एक पान. निसर्ग आता अंगाला पुरेपूर लागला होता, पण गुरुजी काही बोलत नव्हते.

चाकांच्या घराचं दार उघडलं. अस्वलीणबाई दारात आल्या. “भावोजी, असे काय बसलात? आत या.”

“नको वहिनी. मी इथे बरा आहे.”

“या म्हणते ना. रेघेवरून उडी मारा आणि या.”

गुरुजी गेले. बाईंनी त्यांना गरम पाणी दिलं, मध दिला. भालेरावांनी गादीवर बाजूला सरकून जागा केली. पंख्याखाली गुरुजींचे कान हळूहळू सुकले. त्यांनी भिंतीवरचं जंगल पाहिलं आणि कबूल केलं, की चित्रकाराचा हात चांगला आहे. भालेराव म्हणाले, खरं सांगू का गुरुजी, मला आत फार उकडतं. गुरुजी म्हणाले, खरं सांगू का भालेराव, माझी पाठ गेलीय. मग आठ नंबरच्या जागेतले मोर सकाळी सकाळी किती नाचतात यावर दोघांचं मत अगदी एक निघालं. अशी मैत्री फार लवकर घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गळ्यात गळा घालून बाहेर आले. भालेरावांनी पायाने रेघ पुसायला सुरुवात केली.

“आज संध्याकाळी इथे शेकोटी करू,” ते म्हणाले. “बरोबर मध्यभागी. मोठी!”

“वीसच्या वीस जागांना बोलावू,” गुरुजी म्हणाले. “मी दगड आणतो.”

जंगलात जाळ करायला राजाची सक्त मनाई होती. उद्यानात मात्र परवानगी होती, कारण ते उद्यान होतं.

टिटवी साहेबांकडे उडत गेली. “साहेब, त्यांनी रेघ पुसली! पट्टी मोकळी ठेवायची म्हणाला होतात तुम्ही!”

“वाद होता म्हणून रेघ होती,” साहेब म्हणाले. “वाद मिटला. आनंदाची गोष्ट आहे. आता मला काही करता येत नाही. त्यांच्यापैकी कोणाची तक्रार असती तर गोष्ट वेगळी.”

परत येताना टिटवीने नवऱ्याला सांगितलं, “त्यांच्यात भांडण लावायला पाहिजे.”

नवरा दचकला. “आपल्या घराण्यात कधी कोणी चहाडी केली नाही.”

“आपल्या घराण्यात कधी कोणाच्या अंड्यांवर शेकोटीही पेटली नाही.”

नवरा वर गेला आणि ओरडू लागला.

टिटवीने आयुष्यात कधी इकडचं तिकडे केलं नव्हतं. तिला नीट जमेना. ती भालेरावांच्या खिडकीच्या चौकटीवर बसली आणि एका दमात म्हणाली, “गुरुजी म्हणाले होते तुम्ही गादीवर लोळायला येता.”

भालेराव पोट धरून हसले. “खरंच आहे की! गुरुजी म्हणजे मार्मिक माणूस.”

ती गुरुजींकडे गेली. “भालेराव तुमच्या तंबूला पाला म्हणाले होते.”

“पालाच होता तो,” गुरुजी प्रेमाने म्हणाले. “बरं झालं वावटळीने नेला. भालेरावांना पहिल्याच दिवशी कळलं होतं बघा.”

टिटवी परत आली आणि अंड्यांवर बसली. सूर्य कलत चालला होता. समोर लाकडांचा ढीग वाढत होता. गुरुजी दगड आणून गोल मांडत होते आणि त्यांचा गोल दर फेरीला तिच्या जवळ येत होता. उद्यानातले बाकीचे प्राणीही जमू लागले. आज पाच वाजून गेले तरी कोणाला कार्यक्रमाची आठवण नव्हती. ती उठून लंगडली. कोणी पाहिलंच नाही. सगळे शेकोटीकडे बघत होते.

आणि तेवढ्यात गुरुजींनी खळग्यात हात घालून एक दगड उचलला.

तो दगड नव्हता.

“अरे, हा हलका आहे,” गुरुजी म्हणाले. त्यांनी तो कानाशी नेला. “आणि गरम कसा?”

भालेराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांचं नाक हलायला लागलं होतं. टिटवीला काही तरी बोलायचं होतं, काहीही. तोंडात आलं ते ती बोलून गेली.

“गुरुजी, शेकोटीला लाकडं उभी रचायची की आडवी?”

“उभी,” भालेराव म्हणाले.

“आडवी,” गुरुजी म्हणाले.

दोघेही थांबले. एकमेकांकडे बघून हसले.

“गुरुजी, गंमत करताय. लाकडं उभी असतात. शेंडे वर एकत्र आणायचे. आमचे वडील तशीच रचायचे.”

“तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे,” गुरुजींनी तो गरम दगड अलगद खळग्यात ठेवला, कारण त्यांना समजावून सांगायला दोन्ही हात लागत. “पण दोन आडवी, त्यावर दोन उलटी आडवी. मधून वारा खेळतो. उभी रचलेली लाकडं कोसळतात.”

“तंबू कोसळतो त्याला शेकोटीतलं काय कळणार?”

“काय म्हणालात?”

“जे आहे ते म्हणालो.”

“वहिनी! ऐकलंत? तुमच्या घरात मध खाल्ला म्हणून मी हे ऐकून घ्यायचं?”

पाच मिनिटांत गळ्यातले गळे सुटले. दहा मिनिटांत आठ नंबरचे मोर उभ्याच्या बाजूने गेले आणि अकरा नंबरची रानडुकरं आडव्याच्या. अर्ध्या तासात वीसच्या वीस जागांवर दोन तट पडले. शेकोटी राहूनच गेली, कारण रचायची कशी हेच ठरेना. साळिंदरसाहेब पळत आले आणि दोन तक्रारी लिहून घेतल्या. दोन्ही हातांत लेखणी होती, तरी त्यांना लिहिणं आवरेना.

सात नंबरात पुन्हा रेघ आली. या खेपेला भालेरावांनी आपल्या बाजूने बोराट्यांचं कुंपण घातलं. गुरुजींनी त्यांच्या बाजूने बाभळीच्या काट्यांचं घातलं, भालेरावांच्यापेक्षा चार बोटं उंच. मधली पट्टी आता दोन काटेरी भिंतींमध्ये होती. तिथे जायचं तर वरून उडूनच जायला हवं.

टिटवी उडून गेली आणि बसली.

“तू खोटं बोललीस का त्यांच्याशी?” नवऱ्याने विचारलं.

“नाही. विचारलं फक्त.”

चौदावा दिवस आला. साहेब वही घेऊन आले. दोघांचाही मुक्काम संपला होता.

“आधी त्यांना जाऊ द्या,” भालेराव म्हणाले.

“आधी ते जातील,” गुरुजी म्हणाले.

साहेबांनी नियम चाळले. वाद चालू असेपर्यंत जागा रिकामी करून घेता येत नाही, असा एक नियम निघाला. मुक्काम वाढला. गुरुजींनी पानं जोडून नवा तंबू केला, तो एका बाजूला झुकलेला होता, पण पडत नव्हता. भालेरावांचा मध संपला. मुलांनो, दोघांनाही घरी जायचं होतं हो. गुरुजी एकटे असले की आपल्या एकोणीस खोल्या एकेक करून आठवत. भालेरावांना गुहेतल्या थंडगार दगडाची स्वप्नं पडत. अस्वलीणबाई म्हणाल्या, चला ना आता, मला या पेटीतल्या भुंग्यांचा कंटाळा आला. भालेराव म्हणाले, मी आडव्यापुढे आडवा होणार नाही.

बाविसाव्या दिवशी अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकू यायला लागली. पण भालेरावांचे चाळीस भुंगे इतक्या जोरात घूं-घूं करत होते, की ती चिवचिव टिटवीशिवाय कोणालाच ऐकू गेली नाही.

चोविसाव्या दिवशी सकाळी चारही अंडी फुटली.

टिटवीची पिल्लं घरात बसून राहत नाहीत. पिसं वाळली की चालू लागतात. दुपारी ती चौघं कुंपणाखालून सरपटत बाहेर आली आणि निघाली पाण्याकडे. वाटेत भालेराव उभे होते. मध संपल्यापासून ते दिवसभर बाहेरच उभे असत.

टिटवीने एकच हाक दिली. चारही पिल्लं होती तिथे जमिनीला चिकटली.

भालेराव खाली वाकले. नाक पहिल्या पिल्लाच्या इतकं जवळ नेलं, की श्वासाने त्याची पिसं हलली. टिटवी पंख मोडून पडली. या खेपेला डावा की उजवा, हे तिलाही माहीत नव्हतं.

भालेरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग पिल्लाकडे पाहिलं. मग कुंपणातल्या खळग्याकडे, तिथल्या फुटक्या कवचांकडे.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “रोज पाच वाजता तू हे यांच्यासाठी करत होतीस?”

टिटवी तशीच पंख लोंबता ठेवून पडून राहिली.

“आणि मी चोवीस दिवस अंड्यांच्या शेजारी झोपलो!” त्यांना स्वतःचीच लाज वाटली की राग आला, ते सांगता येत नाही. त्यांनी एक मोठा उसासा टाकला आणि ते दोन पावलं मागे सरकले. “अगं ए! बाहेर ये. खिडकीतून नाही दिसायचं.”

अस्वलीणबाई खाली उतरल्या. गवतावर बसून त्यांनी पिल्लांकडे पाहिलं. पलीकडून गुरुजी आले. त्यांचे कान ताठ उभे राहिले.

“मी यातलं एक उचललं होतं,” ते हळूच म्हणाले. “शेकोटीसाठी.”

पिल्लं उठली आणि त्यांच्या पायांमधून चालत पाण्याकडे गेली.

शेवटी भालेरावांनी घसा खाकरला. “टिटवीताई, तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये इतके दिवस होतात. तुम्हीच सांगा. उभी की आडवी?”

“आमच्यात शेकोटी पेटवत नाहीत,” टिटवी म्हणाली आणि पिल्लांच्या मागे निघून गेली.

संध्याकाळी दोघांनीही आवराआवर केली. आधी कोण निघालं यावर जंगलात अजून दोन मतं आहेत. अस्वलीणबाईंनी बरणीच्या तळाला चिकटलेला मध भालेरावांचं लक्ष नसताना गुरुजींच्या पिशवीत ठेवला, एवढं मात्र नक्की.

ही बातमी काठाकाठाने पसरली. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या सगळ्या पाखरांनी टिटवीला येऊन विचारलं, की चारही पिल्लं जगली ती कशी? टिटवीने जे झालं ते सांगितलं.

पुढच्या हंगामात फाटकावर पहिला अर्ज आला तो तित्तरांच्या एका जोडप्याचा. त्यात लिहिलं होतं: ‘आम्हांस दोन अत्यंत भांडखोर कुटुंबांच्या मधली जागा मिळावी, ही विनंती.’

साळिंदरसाहेबांनी चष्मा पुसला आणि उद्यानाचा नकाशा त्यांच्यापुढे सरकवला.

“वीसच्या वीस तशाच आहेत,” ते म्हणाले. “हवी ती घ्या.”

तात्पर्य: शेजाऱ्यांनी गुण्यागोविंदाने राहावं, हे अगदी खरं आहे. फक्त त्यांच्या प्रेमाची शेकोटी कोणाच्या अंगणात पेटणार आहे, तेवढं आधी विचारून घ्यावं. आणि उत्तर आवडलं नाही, तर लाकडं कशी रचायची ते विचारावं.